दर बांधला, पण बिल मोकळंच

प्रति,
मोटार कंपन्यांच्या सर्व्हिस विभागांचे प्रमुख
आणि मराठवाड्यातले समस्त डीलर-मालक यांस,

स. न. वि. वि.

मी अंबाजोगाई तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. खतं, बियाणं, औषधं विकतो. तुमचा आणि माझा धंदा वेगळा, पण एका बाबतीत आपण एकाच गोठ्यातले आहोत. म्हणून गाडीच्या सर्व्हिसच्या बिलाबद्दलचं हे पत्र ग्राहक म्हणून जितकं लिहितोय तितकंच दुकानदार म्हणूनही लिहितोय.

आमच्याकडं युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. दर सरकारनं बांधलेला. गोणीवर छापलेला, दुकानाबाहेरच्या फलकावर खडूनं लिहिलेला. एक रुपया जास्त घेतला तर कृषी विभागाचा माणूस परवान्याला हात घालतो. आता सांगा, एवढा कडेकोट दर बांधलेला असताना जूनमध्ये शेतकरी चिडून का बोलतो? कारण गोणीबरोबर त्याला काहीतरी घ्यायला लावलेलं असतं. सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी, कसलीतरी बाटली, एखादं टॉनिक. याला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. कंपनी घाऊक विक्रेत्याच्या गळ्यात मारते, तो आमच्या गळ्यात मारतो आणि आम्ही शेवटी शेतकऱ्याच्या. लिंकिंग करू नका असे आदेश निघतात, आम्हीही निवेदनं देतो, आणि पेरणीच्या पहिल्या पावसात पुन्हा तेच. मी काही देवमाणूस नाही. न मागितलेल्या बाटल्या मीही विकल्यात. म्हणूनच मला लिंकिंग लांबून ओळखू येतं, आणि तुमच्या वर्कशॉपमधल्या काचेच्या केबिनमध्ये, एसीच्या गारव्यात, चहाचा कागदी कप हातात घेऊन बसलेलं असतानाही ते ओळखू आलं.

२०२२ च्या दसऱ्याला मी गाडी घेतली. छोटी, पेट्रोलवरची. शोरूममध्ये चावीची भलीमोठी प्रतिकृती हातात देऊन फोटो काढायच्या आधी विक्रीवाल्या पोरानं एक माहितीपत्रक पुढं सरकवलं. चार वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, सर्व्हिसिंगचे पैसे आत्ताच भरा, दर फिक्स. "काका, नंतर काहीच बघायचं काम नाही. गाडी सोडायची, गाडी न्यायची." मला ते पटलं. ज्याच्या धंद्यात दरवर्षी प्रत्येक वस्तूचा भाव वाढतो त्याला 'भाव वाढणार नाही' हे शब्द गोड लागणारच. मी पैसे भरले.

त्या पॅकेजमध्ये जे छापलं होतं ते तुम्ही पाळलं, हे आधी लिहितो. ऑइल, ऑइल फिल्टर, ठरलेली तपासणी, मजुरी, यांचा एक रुपया नंतर मागितला नाही. तरीही ३०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसला गेटपास घेताना मी ३,८५० रुपये मोजले. पॅकेजमधलं काम शून्य रुपये, पॅकेजबाहेरचं ३,८५०. काउंटरवरच्या मुलीनं शून्याला पेनानं गोल करून दाखवला. "बघा सर, तुमचे एवढे वाचले."

माझी गाडी वर्षाला एकोणीस-वीस हजार किलोमीटर पळते. केज, धारूर, परळी, रेणापूर, मधली खेडी. शेतावर जाऊन कापसावरचा लाल्या रोग बघायचा असेल तर दुकानात बसून कसं भागेल? त्यामुळं 'चार वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते' यातली चार वर्षं माझ्यासाठी कधी नव्हतीच. माझं पॅकेज दोन वर्षांच्या आसपास संपलं. माझे साडू जिंतूरकडं शिक्षक आहेत. त्यांची गाडी शाळा ते घर, आणि उन्हाळ्यात एकदा सासुरवाडी. वर्षाला साडेचार हजार. त्यांनीही तेच पॅकेज घेतलं होतं. ऑइल वर्षाकाठी बदलावंच लागतं, गाडी पळो न पळो, त्यामुळं त्यांचं नुकसान झालं असं मी म्हणत नाही. चार वर्षं त्यांना पुरेपूर मिळतील. पण एकाच कागदावर, एकाच किमतीत, एकाच वाक्यात दोन वेगवेगळे सौदे होते आणि ते आम्हा दोघांपैकी कुणालाही विक्रीच्या वेळी समजावून सांगितले गेले नाहीत. 'तुमची गाडी वर्षाला किती पळते?' हा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? मी तरी शेतकऱ्याला बियाणं देताना आधी जमीन विचारतो. भारी का हलकी, पाणी आहे का नाही.

आता पॅकेज संपल्यानंतरचं ऐका. गेल्या वैशाखात ५०,००० ची सर्व्हिस आली. बांधलेल्या दराशिवायची ही पहिलीच. आमच्याकडनं लातूर साठेक किलोमीटर. सकाळी साडेसातला निघालो. आदल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर गाडीचं मॉडेल, किलोमीटर, शहर टाकून अंदाजे खर्च बघितला होता, आणि वर्कशॉपला फोन करूनही विचारलं होतं. दोन्हीकडं जवळपास सारखाच आकडा, जीएसटी धरून ५,३४० रुपये. मला बरं वाटलं. म्हटलं, पॅकेज नसलं तरी दर ठरलेलाच आहे की.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर चांगला पोरगा होता. आमच्याच भागातला, बोलण्यावरून कळतं. गाडीभोवती फिरून टॅबवर फोटो काढले, ओरखडे नोंदवले, जॉबकार्ड केलं. मी सांगितलं, पुढच्या डाव्या चाकाकडनं खड्ड्यात कट्-कट् आवाज येतोय, तो आधी बघा. "हो सर, बघतो सर." सही घेतली. टॅबच्या काचेवर बोटानं केलेली सही म्हणजे कोंबडीनं माती उकरल्यासारखी. कशाखाली केली ते वाचायला अक्षरं मुंगीएवढी, आणि इंग्रजी.

दुपारी साडेचारला बिल हातात आलं. ११,३३७ रुपये.

मी बिलाचा कागद जपून ठेवलाय, त्यावरून लिहितोय. एअर फिल्टर ४६५. एसीचा फिल्टर ५४०. अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,१८०. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, तिचं क्लीनिंग ९४४. एसी डिसइन्फेक्टंट ८२६. इंटिरिअर क्लीनिंग १,४१६. कन्झ्युमेबल्स २३६. आणि उंदीर पळवण्याचा फवारा ३९०. हे सगळं मूळच्या ५,३४० वर. बेरीज करून बघा, वरची कामं ५,९९७ रुपयांची. शेपूट म्हशीपेक्षा मोठं.

उंदराच्या फवाऱ्यावर मी मोठ्यानं हसलो. अहो, मी उंदीर मारायची औषधं विकतो! माझ्या गोदामात उंदीर आहेत हे खरं. सरकीच्या पोत्यांशेजारी गाडी उभी राहते, त्यांनी एकदा वायर कुरतडलीही होती. पण मला न विचारता, माझ्याच गाडीला, माझ्याच व्यवसायातला माल तुम्ही मलाच जास्त भावानं विकलात. यापेक्षा सरस विक्रेता मी आयुष्यात पाहिला नाही.

हसणं ओसरल्यावर विचारलं, तो कट्-कट् आवाज? "सर, लिंक रॉड गेलाय, पार्ट स्टॉकला नाही. मागवून ठेवतो, पुढच्या आठवड्यात या." म्हणजे ज्या कामासाठी मी खरोखर गेलो ते राहिलं. त्यासाठी पुन्हा जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर, पुन्हा दुकान बंद. आणि जे मी मागितलं नव्हतं ते सगळं चोख झालेलं. सीटांना वास तर असा, की घरी आल्यावर बायकोनं विचारलं, लग्नाला गेला होतात का?

इथं एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. त्या आठ कामांपैकी दोन रास्त होती. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर. त्यांचे १,००५ रुपये मी आनंदानं दिले असते. जुना फिल्टर मागून घेतला तर त्यातनं मूठभर माती पडली. आमची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते; उसाच्या ट्रॅक्टरमागं दहा मिनिटं गाडी चालवली की काचेवर बोटानं नाव लिहिता येतं. फिल्टर बदलायलाच हवा होता. उलट माझी तक्रार अशी, की तो आधीच, ४०,००० च्या आत, पॅकेज चालू असतानाच एकदा जास्तीचा बदलायला हवा होता.

आणि इथंच या बांधलेल्या दराची खरी गोम आहे. गाडीबरोबर मिळणारं पुस्तक मी उघडलं. देखभालीच्या वेळापत्रकाचे त्यात दोन भाग असतात. एक साधारण वापराचा, आणि दुसरा खडतर वापराचा. खडतर म्हणजे काय, तर धुळीचे रस्ते, कच्चे रस्ते, सतत छोट्या अंतराचा प्रवास, चिखल, कडक उष्णता. म्हणजे थोडक्यात आमचा तालुका. खडतर वापरात एअर फिल्टर लवकर तपासायचा, लवकर बदलायचा, ऑइलही काही गाड्यांत लवकर. तुमचं पॅकेज मात्र पहिल्या भागावर बेतलेलं. गाडी जणू गुळगुळीत रस्त्यावरच चालणार, धूळ तिला माहीतच नसणार. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आम्ही राहतो आणि दर तुम्ही पहिल्या भागाचा बांधता. त्यामुळं आमच्या गाडीला जे खरंच जास्त लागतं, म्हणजे फिल्टर, सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड, उन्हानं लवकर दम तोडणारी बॅटरी, ते सगळं दराच्या बाहेर पडतं. आणि दराच्या बाहेरच्या मोकळ्या रानात मग फवारे, क्लीनर, पॉलिश, कोटिंग यांचीही गुरं चरायला सोडता येतात. खरं काम आणि गळ्यात मारलेलं काम एकाच यादीत, एकाच टायपात. ग्राहकाला कसं कळावं कुठलं कुठलं?

माझा भाचा दुसऱ्या एका कंपनीच्या डीलरकडं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होता. पॉलिटेक्निक झालेला, हुशार. त्याला मी बिल दाखवलं. त्यानं कागद बघितलाही नाही. "मामा, महिन्याचे शेवटचे दिवस होते ना? व्हीएएसचं टार्गेट राहिलं असंल." व्हीएएस म्हणजे ही वरची कामं, व्हॅल्यू अ‍ॅडेड. प्रत्येक गाडीमागं किती रुपयांची वरची कामं काढली याचा तक्ता, रोज संध्याकाळी ग्रुपवर नावानिशी. खाली नाव असलं की मॅनेजर सगळ्यांसमोर बोलतो. इन्सेंटिव्ह त्यावर, पगारवाढ त्यावर. "ऑइल फिल्टर टाकून कुणाचं कौतुक होत नाही मामा. थ्रॉटल बॉडी टाकली की होतं." त्यानं ती नोकरी सोडली, आता पुण्यात आहे.

त्या पोराचा मला राग नाही. तो मीच आहे. वरून टॉनिकच्या पेट्या येतात आणि खालून शेतकरी शिव्या देतो, त्या मधल्या जागेवर मी पंचवीस वर्षं बसलोय. राग आहे तो ज्यांनी टार्गेट लावलं त्यांचा. डीलर-मालकांनो, तुमचीही अडचण मी समजू शकतो. नवी गाडी विकून हाती फारसं काही उरत नाही, एवढी मोठी जागा, एवढी माणसं, बँकेचं व्याज, हा सगळा गाडा वर्कशॉपवर ओढावा लागतो. मग कंपनी म्हणते ऑइल बदलण्याचा दर एवढाच, संकेतस्थळावर टाकलाय. तुमचा हात तिथं बांधला की तुम्ही तो दुसरीकडं सोडवून घेता. माझं आणि युरियाचं हेच आहे. बांधलेल्या गोणीत मला भाडं-हमाली जाऊन काय सुटतं ते विचारू नका.

पण मग खरं सांगा ना. ५,३४० मध्ये परवडत नसेल तर ६,५०० चा दर लावा, फलकावर लिहा, आणि तिथं थांबा. मला वाटतं आमच्याकडचा ग्राहक ६,५०० ला कुरकुर करील आणि देईल. ५,३४० सांगून ११,३३७ घेतले तर तो देतो, काही बोलत नाही, आणि वॉरंटी संपली की पुन्हा तुमचं तोंड बघत नाही. आमच्या गल्लीत बघा. तीन-चार वर्षांवरच्या गाड्या झाडून सगळ्या मिस्त्रीकडं.

मिस्त्रीचंही सांगतो. आमचा मिस्त्री तिसरीपर्यंत शिकलेला, पण इंजिनाचा आवाज ऐकून निदान करतो. ऑइलचा सीलबंद डबा तुम्हीच आणा म्हणतो, समोर फोडतो, जुनं ऑइल समोर काढतो, जुना फिल्टर हातात देतो. 'बघा गुत्तेदार,' म्हणतो, मी गुत्तेदार नसलो तरी. तुमच्याकडं मात्र ऑइल बॅरलमधनं येतं, बिलावर लिटर आणि दशांश चिन्हानंतरचे आकडे. ग्राहक काचेच्या आत, गाडी काचेच्या बाहेर, आणि मधे टीव्ही. तरीही मी कंपनीच्या वर्कशॉपलाच जातो. मिस्त्रीकडं स्कॅनर नाही, कंपनीनं एखादा भाग परत मागवून फुकट बदलून द्यायचा ठरवला तर तो मिस्त्रीकडं बदलत नाही, आणि गाडी विकताना सर्व्हिसची नोंद दाखवली की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं. तुमच्याकडं सोय आहे, कौशल्य आहे. विश्वास तेवढा बिलाच्या दुसऱ्या पानावर सांडतो.

आणि 'बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल' हे वाक्य जरा जपून वापरत चला. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतःच्याच साखळीत कोंडून ठेवल्याबद्दल. स्वतंत्र गॅरेजात गेला म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढं अपिलं झाली, वकिलांचे युक्तिवाद झाले, तो इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मला एवढंच कळतं की वॉरंटी टिकवायला पुस्तकातल्या वेळापत्रकाची सर्व्हिस लागते. इंटिरिअर क्लीनिंग त्या वेळापत्रकात मला कुठं सापडलं नाही.

चुलतभावाचा मुलगा ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला आहे. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, काका, इकडं याला 'कॅप्ड प्राइस' म्हणतात. प्रत्येक मॉडेलची, प्रत्येक सर्व्हिसची कमाल किंमत कंपनी जाहीर करते. मी म्हटलं, मग तुमचं बरंय. तर हसला. म्हणाला, यादीतल्या कामाचीच किंमत बांधलेली. ब्रेक पॅड, टायर, वायपर, बॅटरी वेगळं, आणि काउंटरवरचा माणूस तिकडंही विचारतोच, अमुक क्लीनर टाकू का? म्हणजे साहेबाच्या देशातही लिंकिंग! पण दोन गोष्टी त्यानं सांगितल्या त्या मला महत्त्वाच्या वाटल्या. एक, काय आत आणि काय बाहेर हे आधीच छापलेलं असतं आणि लोक ते वाचून वाद घालतात. दुसरी, तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगानं डिसेंबर २०१७ मध्ये नव्या गाड्यांच्या बाजारावर अहवाल दिला, आणि १ जुलै २०२२ पासून कंपन्यांना दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही रास्त दरात विकावी लागते. गल्लीतला मिस्त्री स्पर्धेत उभा राहिला की काचेच्या केबिनमधला दर आपोआप शुद्धीवर येतो. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल उघडलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. आमच्या मिस्त्रीपर्यंत अजून त्यातलं काही झिरपलेलं नाही.

एक छोटा प्रश्न, उत्तर द्याल तर बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग त्यात आले. गाड्या स्वस्त झाल्याच्या पानभर जाहिराती तुम्ही दिल्या, पेढे वाटले. सर्व्हिसच्या दरपत्रकातले आकडे उतरवले का? बांधलेला दर वर जात नाही हे मान्य. खाली येतो का?

आता मागणं सांगतो.

खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणं माझ्या दुकानाबाहेर साठा आणि भाव लिहिलेला फलक लावावा लागतो. रोज. कितीही लहान दुकान असो. तुमच्या वर्कशॉपबाहेर मोठमोठे फ्लेक्स असतात, गाडीचे, नटीचे, 'मान्सून चेकअप कॅम्प'चे. एक साधा फलक मराठीत लावा. दहा, वीस, तीस हजारांची सर्व्हिस, करासकट एकूण किती. त्याखाली या दरात काय नाही ते. एअर फिल्टर किती, ब्रेक पॅड किती, लिंक रॉड मजुरीसकट किती, अलाइनमेंट किती. खडूनं लिहिलं तरी चालेल. आमचं खडूचंच असतं.

जॉबकार्डाचे दोन तुकडे करा. पुस्तकातलं काम एका कागदावर, त्यावर एक सही. वरचं काम दुसऱ्या कागदावर, प्रत्येक ओळीपुढं रक्कम आणि प्रत्येक ओळीला फोन. "सर, थ्रॉटल बॉडी करू का, ९४४ रुपये, नाही केलं तरी आत्ता काही बिघडत नाही," असं पूर्ण वाक्य बोललं पाहिजे. शेवटचा भाग खासकरून. फोन उचलला नाही तर काम करू नका. आमच्याकडं रेंज जाते, शेतात असतो, उचलला नाही म्हणजे हो म्हटलं असं नसतं.

कंपनीच्या साहेबांसाठी वेगळं. धुळीच्या मुलखासाठी वेगळं पॅकेज काढा. बीड, लातूर, परभणी, हिंगोली, नांदेड, धाराशिव, जालना आणि छत्रपती संभाजीनगरची खेडी. खडतर वापराचं वेळापत्रक धरून, जास्तीचा फिल्टर आत घेऊन, सस्पेन्शनची तपासणी आत घेऊन दर बांधा. महाग पडेल, पडू द्या. आमच्या शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जोडल्या गेल्या, वाळूजला बजाजची दुचाकी-तिचाकी बनते, बिडकीनला टोयोटाच्या कारखान्याचा करार २०२४ मध्ये झाला. गाड्या बनवायला मराठवाडा चालतो, तर त्या गाड्या इथल्या मातीत वापरायचा हिशोबही इथलाच धरा की. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनं नद्या रस्त्यावर आल्या तेव्हा कित्येकांच्या गाड्या दारातच चिखलात बसल्या. त्या आता वर्कशॉपच्या रांगेत आहेत आणि त्यांच्या मालकांची सोयाबीन पाण्यात गेलेली आहे. त्यांच्या बिलात निदान या दिवाळीत तरी सीटचा वास टाकू नका.

वरच्या कामाचं टार्गेट बंद करा असं म्हणणार होतो, पण तुम्ही करणार नाही हे मला माहीत आहे. मग एवढं करा, त्या पोरांचा इन्सेंटिव्ह वेगळ्या आकड्यावर ठेवा. चौथ्या-पाचव्या वर्षी किती गाड्या परत आल्या, त्यावर. भाच्याला विचारलं, असं कुठं आहे का? तो म्हणाला, आमच्याकडं तरी नव्हतं. सर्व्हिसनंतर दोन दिवसांनी कंपनीचा फोन येतो, दहापैकी किती गुण द्याल? त्याच्या आदल्या दिवशी अ‍ॅडव्हायझरचा फोन येतो, सर दहाच द्या, नऊ दिले तर माझे पैसे कापतात. मी दहा दिले. प्रत्येक वेळी दहा दिलेत. तुमच्या मुख्यालयात माझी नोंद अत्यंत समाधानी ग्राहक अशी असणार. तेवढी दुरुस्त करून घ्या.

ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला माहीत आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही माझ्या दुकानात टांगलेला आहे, कारण तो माझ्यावरही चालतो. फिल्टर वगळून उरलेल्या वरच्या कामांच्या ४,९९२ रुपयांसाठी मी बीडच्या ग्राहक आयोगात जाणार नाही. हरभऱ्याच्या बियाण्याचे दिवस आलेत, उधारी गोळा होत नाही, वेळ कुणाला आहे? माझ्यासारखे सगळेच असा विचार करतात आणि तुमच्या बिलातली वरच्या कामाची ओळ त्याच हिशोबावर उभी असते, एवढं मात्र आता लक्षात आलंय.

दिवाळी झाली की माझी ६०,००० ची सर्व्हिस आहे. पाडव्यानंतरच्या सोमवारी सकाळी नऊला गेटवर असेन. लिंक रॉड मागवून ठेवा. पुस्तकातलं जे आहे ते सगळं करा, एअर फिल्टर बदला, आणि जुना फिल्टर पेपरात गुंडाळून डिक्कीत ठेवा. उंदरांचं मी बघतो.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक
ता. अंबाजोगाई, जि. बीड